शेकोटी विझते, फुफाटा विझत नाही

थंडीच्या दिवसांत, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅज्युअल्टीत भाजलेलं लेकरू आलं की मी आधी त्याचे तळपाय बघायचे. सोळा वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली पाच भाजलेल्यांच्या वॉर्डात. घरात भाजलेल्या पोराची जखम बहुतेक वेळा छातीवर, खांद्यावर, मांडीवर असते, कारण चहाचा कप नाहीतर डाळीचं पातेलं वरून अंगावर आलेलं असतं. पण रात्री बाहेर मुक्काम करून आलेल्या घरातलं दीड-दोन वर्षांचं पोर असलं, की जखम तळपायाला आणि दोन्ही तळहातांना. पाय पडला, तोल गेला, हात टेकले.

आई सांगायची, "सिस्टर, शेकोटी तर रात्रीच विझवली होती हो." आणि ती खरंच सांगत असायची.

त्यातलं एक लेकरू माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सव्वादोन वर्षांचा मुलगा. वस्तीतली सात-आठ घरं मिळून टेम्पो करून १ जानेवारीला कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघाली होती. ३१ डिसेंबरच्या रात्री रस्त्याकडेला एका मोकळ्या शेतात थांबली. तीन दगडांची चूल मांडून बायांनी पिठलं-भात केला, बापयांनी शेकोटी पेटवली, गाणी झाली. झोपायच्या आधी एका शहाण्या माणसानं आठवणीनं फावड्यानं शेकोटीवर माती लोटली. सगळ्यांना वाटलं, झालं काम. सकाळी आई गोधड्या घड्या करत होती. पोरगं उठलं आणि अनवाणी चालत गेलं. समोर पिठासारखी मऊ, राखाडी माती. तिच्यावर दव पडलेलं. धूर नाही, जाळ नाही, लाल काही नाही. मोठ्या माणसालाही भीती वाटली नसती, सव्वादोन वर्षांच्या लेकराला काय वाटणार! दोन पावलं आत गेलं आणि तिथंच बसलं.

त्याची आजी वॉर्डाबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "पण जाळ कुठं होता?"

आपल्या भाषेत या गोष्टीला नेमका शब्द आहे, फुफाटा. आगीतून उठून फुफाट्यात पडलो, असं आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. ज्या बाईनं हे पहिल्यांदा म्हटलं असेल तिनं आयुष्यभर चूल फुंकली असणार. जाळ दिसतो, माणूस लांब राहतो. फुफाटा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. काडेपेटी महाग होती तेव्हा माझी आजी रात्री चुलीतले दोन-तीन जाड निखारे राखेत पुरून ठेवायची. सकाळी काडीनं राख बाजूला केली, फुंकर मारली, की चूल पेटली. म्हणजे राखेनं आग मरत नाही, ती राखली जाते. राख नि माती निखाऱ्यावर गोधडीसारखी बसतात, ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. हे घरी आपल्याला कळतं आणि बाहेर मुक्कामाला गेलं की आपण शेकोटीवर माती लोटून निर्धास्त झोपतो. आजीची युक्ती आपण नकळत करून ठेवतो, आणि सकाळी आपलंच लेकरू त्यात पाय घालतं.

ऑस्ट्रेलियात कुटुंबानं तंबू घेऊन समुद्रावर, जंगलात राहायला जायची मोठी रीत आहे. तिथल्या ब्रिस्बेन शहरात लहान मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की शेकोटीनं भाजून येणारी बहुतेक पोरं जाळानं भाजलेली नसतात, राखेनं नि निखाऱ्यांनी भाजलेली असतात, तीही आदल्या रात्रीच्या. मग त्यांनी शेकोट्या पेटवून पाहिल्या. एकीवर वाळू लोटली, एकीवर पाणी ओतलं, आणि तासातासाला ताप मोजला. आठ तासांनीसुद्धा वाळूखालची शेकोटी कातडी भाजण्याइतकी गरम होती. पाणी ओतलेली थंड पडली होती. आठ तास म्हणजे रात्री अकराला झोपलो तर सकाळचे सात. नेमकी लेकरं उठायची वेळ.

म्हणून या पानावर यंदा थंडीच्या तोंडावर मला एवढंच सांगायचं आहे, की शेकोटी पाण्यानं विझवा. बाकीचं जे खाली लिहिते आहे ते याच्या भोवतीचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टर, कॅम्पिंग हे श्रीमंतांचं. तसं राहिलेलं नाही. पवना धरणाच्या काठी तंबूत रात्र काढायला आपल्या वस्तीतली नोकरी लागलेली पोरं बायका-मुलांना घेऊन जातात. डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी गावाकडून हुरड्याचं आमंत्रण येतं. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर कार्यालयाची नाहीतर मंडळाची सहल जाते. आणि सहल कसली, पोटासाठी उघड्यावर मुक्काम करणारे आपले किती तरी लोक आहेत. बीडकडून ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीनंतर चार-पाच महिने पाचटाच्या, चटईच्या कोपीत राहतात, दाराशी चूल, शेजारी शेकोटी, आणि पहाटे आई-बाप फडात. वीटभट्टीवर तेच. तिथं तर रोजची रात्र मुक्कामाची आणि रोजची सकाळ फुफाट्याची. पण कुणी हौसेनं गेलेलं असो की पोटासाठी, राख सगळीकडे सारखीच तापते.

यातला हुरडा जरा वेगळा सांगावा लागेल. हुरड्याची आगटी म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पेटवलेल्या गोवऱ्या. गोवरीचा विस्तव लाकडासारखा भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो, आणि वरून पांढरट राख धरतो. कणसं भाजून, चोळून, खाऊन झाली की माणसं उठून विहिरीवर जातात, बोरं पाडायला जातात. आगटी तशीच. खड्डा असल्यामुळं नुकतं चालायला लागलेलं पोर त्यात पाय घालतंच घालतं, कारण सपाट जागेवरही त्याचा तोल जातो. शेतमालकाला लाज न वाटू देता सांगायचं, "दादा, आगटीत दोन बादल्या पाणी ओता, मग जाऊ." शेतात विहीर आहे, मोटर आहे. पाण्याची अडचण नाही, सवय नाही.

समुद्रकिनाऱ्यावर दुसरी गंमत होते. तिथं वाळू हाताशी असते, म्हणून शेकोटी वाळूनंच बुजवतात. सकाळी तिथं नामोनिशाण राहत नाही. पोरं प्लास्टिकचं फावडं-बादली घेऊन किल्ला करायला बसतात आणि हातानं वाळू उकरतात. मी असे भाजलेले हात पाहिले आहेत. रात्री ज्यांनी शेकोटी केली ते दुसरेच लोक होते, निघूनही गेले होते. म्हणून किनाऱ्यावर लेकरू वाळूत सोडण्याआधी जागा स्वतः बघा. काळी वाळू, कोळशाचे तुकडे, अर्धवट जळकं लाकूड दिसलं की तिथून लांब बसा.

विझवायचं कसं, हेही सांगते, कारण लोक एक तांब्या ओततात आणि चर्र आवाज झाला की समाधान मानतात. झोपायच्या तासभर आधी नवं लाकूड घालणं बंद करा. जाळ खाली बसला की काठीनं निखारे पसरा. मग लांब उभं राहून, कडेकडेनं, हळूहळू पाणी ओता. एकदम मधोमध ओतलं तर वाफ आणि गरम राख तोंडावर उडते, तेव्हा पोरांना मागं घ्या. काठीनं चिखल होईपर्यंत ढवळा, जाड ओंडके उलटे करा, दगडांच्या खाली पाणी जाऊ द्या, पुन्हा ओता. बादलीभर पुरत नाही, दोन-तीन लागतात. शेवटी हाताची मागची बाजू राखेच्या वर वीतभर अंतरावर धरा. ऊब लागली तर अजून ओता. चुलीचे तीन दगडही तेवढेच तापलेले असतात, त्यांच्यावरही पाणी घाला, पण जरा गार झाल्यावर.

पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आपल्या लोकांना विचारावा लागत नाही, तो आधीच मनात आलेला असतो. टँकरवर जगणाऱ्या वस्तीला तीन बादल्या राखेत ओत म्हणणं सोपं नाही, मला कळतं. पण भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं, हात धुतलेलं पाणी चालतं. ते एका बादलीत साठवत जा. टेम्पोनं जात असाल तर प्यायच्या पाण्याव्यतिरिक्त वीस लिटरचे दोन जार घ्या आणि त्यावर खडूनं "विस्तव" असं लिहा, म्हणजे कुणी तोंड धुवायला वापरणार नाही. आणि शेकोटी लहान करा. आपल्याकडे शेकोटी केली की ती माणसाएवढी झाली पाहिजे असं पोरांना वाटतं. बसून शेकायला परातीएवढी आग पुरते, आणि परातीएवढी आग दोन बादल्यांत विझते. पाणी अजिबातच नसेल तर शेकोटी करू नका, अंगावर एक गोधडी जास्त घ्या. माझं हे वाक्य तरुण मंडळींना आवडणार नाही.

जाळ चालू असतानाचं सांगायचं तर, पाच वर्षांखालच्या लेकराला "तिकडं जाऊ नको" एवढं सांगून भागत नाही. त्याला आग आवडते. ती हलते, चमकते, तिच्याभोवती सगळी माणसं हसत बसलेली असतात. मोठ्या माणसाच्या चार ढांगा अंतरावर पिठानं नाहीतर राखेनं गोल रेघ ओढा. सहा-सात वर्षांची पोरं रेघ पाळतात, उलट दुसऱ्यांना पाळायला लावतात. त्याहून लहान असेल ते मांडीवर नाहीतर कडेवर. शेकोटीभोवती पकडापकडी नाही, काठीनं निखारे उडवणं नाही. झोळी बांधायची तर आगीपासून लांबच्या झाडाला, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे धूर आणि ठिणग्या तिकडं जाणार नाहीत.

अंगावर काय घातलं आहे ते बघा. सणाचा नायलॉनचा, जाळीचा फुगीर फ्रॉक शेकोटीला घालू नका. तो पेट घेतो आणि वितळून कातडीला चिकटतो. अंगाबरोबरचा सुती नाहीतर लोकरीचा कपडा बरा. आईची ओढणी, पदर, बापाच्या गळ्यातला मफलर खोचलेला असावा. आणि पायात बूट, स्लीपर नाही. सकाळी गोधडीतून उतरवण्याआधी बूट घाला, मग खाली सोडा. एवढं एक केलं असतं तर त्या सव्वादोन वर्षांच्या पोराचा एक पाय तरी वाचला असता.

लाकूड ओलं आहे म्हणून रॉकेल, पेट्रोल, डिझेल ओतणाऱ्या भावांसाठी वेगळं वाक्य लिहिते. ओतू नका. पेट्रोलची वाफ आगीआधी पसरते आणि भडका ओतणाऱ्यापर्यंत उलटा येतो. हाताला लावायचा सॅनिटायझर तर आणखी फसवा, त्याचा जाळ नीट दिसतसुद्धा नाही. डिओचे, कीटकनाशकाचे रिकामे डबे, लायटर आगीत टाकले की फुटतात. नदीतले ओले, गोटे दगड चुलीला लावू नका, आतलं पाणी तापून तेही फुटतात आणि कपच्या उडतात. चुलीवरचं पातेलं मात्र सगळ्यात जास्त पोरं भाजतं, घरात काय नि रानात काय. तीन दगडांवर ते डुगडुगतं. पातेल्याच्या काठाची उंची आणि लेकराच्या हाताची उंची एकच असते, हे खाली बसून एकदा बघा.

लक्ष ठेवायचं कुणी, यावर मी जरा बोलणार आहे. वॉर्डात पोर आलं की डॉक्टर, पोलीस, सासू, नवरा, शेजारच्या खाटेवरची बाई, सगळे एकच प्रश्न विचारतात, "तुझं लक्ष कुठं होतं?" तिचं लक्ष पिठल्यात होतं, भाकरीत होतं, म्हाताऱ्या सासऱ्याच्या गोळीत होतं, आणि रात्री अकरा वाजता भांड्यांत होतं. सहलीला गेलेल्या बाईला सुट्टी नसते, तिची चूल फक्त उघड्यावर जाते. आणि जिथं वीस मोठी माणसं असतात तिथं लेकराकडं सगळे बघतात, म्हणजे कुणीच बघत नाही. म्हणून पाळी लावा. अर्धा-अर्धा तास, एकेक माणूस, नाव घेऊन. त्याच्या हातात मोबाईल नाही, पोटात दारू नाही. त्या वेळेत तो फक्त पोरं मोजतो. पहिली पाळी बापाची. आमच्या वस्तीत हे सुरू केलं तेव्हा पुरुष हसले होते. आता एक काका गळ्यात शिट्टी अडकवून बसतात आणि पोरं त्यांना हवालदार म्हणतात. सकाळची पाळी सगळ्यात महत्त्वाची. जो आधी उठेल त्यानं आधी राख बघायची, मग दात घासायचे.

एवढं करूनही भाजलं तर?

पाणी. साधं, गार, स्वच्छ पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस मिनिटं, कारण रडणाऱ्या लेकरापाशी दोन मिनिटंसुद्धा वीस वाटतात. नळ, बोअर, काहीच नसेल तर जारातून तांब्यानं धार धरा, खाली परात ठेवा आणि परातीतलं स्वच्छ राहिलेलं पाणी पुन्हा वापरा. तेही नसेल तर ओलं फडकं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. वरची कातडी थंड झाली तरी आतली उष्णता खाली भाजत जाते, ती या पाण्यानं थांबते. जखम किती खोल जाणार, किती दिवसांत भरणार, कातडी लावावी लागणार की नाही, यावर या वीस मिनिटांचा मोठा परिणाम होतो. सुरुवातीला कुणाला सुचलं नसेल तर उशिरा करा. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो.

"पाणी लावलं की फोड येतात" हे आपल्याकडं घट्ट बसलेलं आहे. फोड भाजल्यामुळं येतो, पाण्यामुळं नाही. पाणी नसतं लावलं तरी आला असता, कदाचित मोठा आला असता. बर्फ लावू नका, त्यानं आधीच दुखावलेली कातडी मरते आणि लहान बाळ गारठतं. थंडीच्या रात्री भाजलेला भाग तेवढा गार करायचा, बाकी अंग गोधडीत.

मग टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस, अंड्याचा पांढरा, शेण, राख. या सगळ्यांनी भरलेल्या जखमा मी धुतल्या आहेत. लेकराला पहिल्या वेदनेपेक्षा ते खरवडून काढतानाची वेदना जास्त होते, आणि डॉक्टरला जखम किती खोल आहे ते दिसत नाही. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. मांत्रिकाकडून फुंकर मारून आणणारेही भेटले, तेव्हा पाण्याची ती मोलाची वेळ वाटेतच गेलेली असायची.

पाणी घालता घालता कपडे, बूट, पैंजण, वाळे, कमरेचा करदोटा, हातातला दोरा काढा, कारण थोड्याच वेळात सूज येते आणि दोरा आत रुततो. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, त्याच्या भोवतीचा कापून घ्या. फोड फोडू नका. नंतर धुतलेल्या सुती कापडानं, जुन्या मऊ साडीच्या तुकड्यानं सैल झाका. चपात्या गुंडाळायचा स्वच्छ प्लास्टिकचा पातळ कागद असेल तर तो उत्तम, जखमेला चिकटत नाही. मात्र तो गोल आवळून बांधायचा नाही, वर नुसता ठेवायचा.

कपड्यानं पेट घेतला असेल तर पोर पळतं, आणि पळालं की वाऱ्यानं जाळ वाढतो. त्याला जमिनीवर आडवं करा, घोंगडी किंवा सुती गोधडी टाकून लोळवा. चकचकीत पॉलिस्टरचं ब्लँकेट टाकू नका. मोठ्या पोरांना हे खेळासारखं आधीच शिकवून ठेवता येतं. थांब, आडवा हो, तोंड झाक, लोळ.

दवाखान्यात कधी न्यायचं? लेकराच्या स्वतःच्या तळहातापेक्षा, बोटांसकट, मोठी जखम असेल तर न्या. तेवढा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. दहा टक्के भाजलं की लेकराला सलाईन लागतं, अंगातलं पाणी जखमेवाटे जात असतं. तोंड, हात, पाऊल, सांधा, लघवीची जागा यांपैकी काही भाजलं असेल तर जखम लहान दिसली तरी न्या. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर विचार न करता न्या. आणि एक फसवी खूण लक्षात ठेवा. खोल भाजलं की तिथली दुखण्याची नसच जळते. लेकरू रडायचं थांबलं, जखम पांढरट नाहीतर चामड्यासारखी दिसते, हात लावला तरी कळत नाही, याचा अर्थ बरं वाटतंय असा नाही. त्याला लगेच न्यायचं.

१०८ ला फोन करा, रानात असाल तर जवळचं गाव, धरण, टोलनाका, किलोमीटरचा दगड सांगा. वाट बघताना पाणी चालू ठेवा. मुंबईत कस्तुरबा आणि मसीना, नवी मुंबईत ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, पुण्यात ससून, इथं भाजलेल्यांसाठी वेगळी सोय आहे. पण पहिला उपचार जवळच्या दवाखान्यात घ्या. अपघातातल्या माणसाला पहिला उपचार नाकारता येत नाही, मग दवाखाना सरकारी असो की खाजगी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलेलं आहे. दारात "बेड नाही" म्हणाले तर हे शांतपणे सांगा, आणि निदान सलाईन, दुखणं थांबवायचं औषध नि ड्रेसिंग झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी रेशनकार्ड दाखवा. मुक्कामाला जाताना रेशनकार्डाचा आणि लेकराच्या लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, धनुर्वाताची सुई द्यायची की नाही ते लसीच्या कार्डावरून ठरतं.

भाजल्याची नोंद दवाखाना पोलिसांकडं करतो. एमएलसी म्हणतात तिला. पोलीस जबाब घ्यायला येतात. पुष्कळ आया या भीतीनं खोटं सांगतात, "गरम पाणी सांडलं". मग डॉक्टर वरवरच्या जखमेचा विचार करतात आणि निखाऱ्याची जखम खोल असते. जे झालं तेच सांगा. पोर राखेत पडलं हा गुन्हा नाही.

आणखी एक राहिलं, ते भाजण्याचं नाही, पण मुक्कामाचंच आहे. थंडी फार झाली की लोक निखारे शेगडीत, घमेल्यात भरून तंबूत, टेम्पोच्या ताडपत्रीखाली, कोपीत घेतात आणि दार लावून झोपतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. धूर नसलेले लाल निखारे म्हणजे सुरक्षित, असं वाटतं, ते चूक आहे. शेगडी आत नाही. कुणी गुंगलेलं दिसलं तर आधी उघड्या हवेत ओढा, मग १०८. तंबू आगीपासून वीस-पंचवीस फूट तरी लांब हवा. तंबूचा कपडा नायलॉनचा असतो आणि आत झोपेच्या पिशवीत चेन लावून ठेवलेलं पोर स्वतः बाहेर येऊ शकत नाही. पैसे भरून तंबूत राहायला जाणार असाल तर मालकाला जेवणात काय आहे हे विचारण्याआधी रात्री शेकोटी कशानं विझवता आणि सकाळी राख कुठं टाकता, ते विचारा. गोंधळला तर समजा, त्यानं कधी विचार केलेला नाही.

त्या मुलाचं पुढं काय झालं, ते सांगते. मांडीची कातडी काढून दोन्ही तळपायांना लावली. उजव्या हाताची दोन बोटं व्रण आखडल्यामुळं आत वळली. लेकरू वाढतं, व्रण वाढत नाही, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा ऑपरेशन. मधल्या काळात रोज तेल लावून चोळायचं, रात्री पट्टी बांधायची, घट्ट मोजा घालायचा. त्याची आई धुण्याभांड्याची चार घरं सोडून हे करत राहिली. आता तो पाचवीत आहे. पेन तीन बोटांत धरतो, अक्षर सुरेख आहे.

त्याचं कुटुंब दर वर्षी आमच्याच टेम्पोत असतं. गेल्या ३१ डिसेंबरला मुक्कामाच्या जागी पोचल्यावर सामान उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा त्याची आजी सगळ्यात आधी खाली उतरली आणि हातात काठी घेऊन ती मोकळी जागा उकरून बघत फिरली. एका कोपऱ्यात तिला कुणाची तरी जुनी राख सापडली. गार होती. तरी तिनं एक बादली मागून घेतली.